राजधानी आणि संस्कारधानी

जबलपूरहून भेडाघाटच्या वाटेला लागले की दहाबारा किलोमीटरांच्या आत तेवर नावाचे एक गाव येते. गाव लहान आहे. संगमरवरी खडक आणि धुवाधार पाहण्याच्या घाईत असलेले प्रवासी तेथे सहसा थांबत नाहीत. थांबले, तर जुन्या मूर्तींचे आणि कोरीव दगडांचे अवशेष त्यांच्या दृष्टीस पडतात. हेच पूर्वीचे त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. शहराच्या दुसऱ्या एका अंगाला गढा आहे. टेकडीवरच्या मदनमहालाखाली पसरलेली ही वस्ती गोंड राजांचे मूळ ठाणे. त्यांची राजधानी पुढे येथून हलली आणि अखेर मंडल्यास गेली. आज गढा हा जबलपूर शहराचाच एक भाग होऊन राहिला आहे. तात्पर्य, या एका शहराच्या पंचक्रोशीत दोन राजधान्या होऊन गेल्या आणि दोन्ही लयाला गेल्या.

एखादे शहर आपल्या बरोबरीच्या शहरांत कितव्या पायरीवर उभे आहे, हा प्रश्न अलीकडे फार विचारला जातो. त्याची कोष्टके तयार होतात, गुण दिले जातात, क्रमांक लागतात. जबलपूरच्या बाबतीत मात्र हा प्रश्न नुसत्या कोष्टकाचा राहिलेला नाही. तेथील जुन्या माणसांच्या बोलण्यात एक खंत नेहमी उमटते. १९५६ साली राजधानी भोपाळला गेली नसती, तर हे शहर आज कोठल्या कोठे असते, असे ते म्हणतात. ही खंत खरी आहे. तिचे निदानही खरे आहे काय, हे तपासण्याजोगे आहे. कारण निदान चुकले, तर उपायही चुकतो.

जबलपूरचा आधुनिक उत्कर्ष ज्या घटनेपासून सुरू झाला, तिच्याशी मराठी माणसाचा जवळचा संबंध आहे. १७८१ साली पेशव्यांच्या वतीने सागरचा कारभार पाहणाऱ्या मराठी सरदारांनी गढा-मंडल्याचे राज्य खालसा केले आणि आपल्या कारभाराचे ठाणे जबलपुरास ठेवले. तोवर जबलपूर हे गढ्याच्या सावलीतले गाव होते. १७९८ मध्ये हा नर्मदाकाठ पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले आणि सागर-नर्मदा प्रांताच्या व्यवस्थेत या गावाला मोठे स्थान दिले. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला स्लीमन येथेच अधिकारी होता. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना आणि त्यांच्या मुलांना तंबू व सतरंज्या विणण्यास लावणारी उद्योगशाळाही येथेच निघाली.

या हकिकतीतून एक गोष्ट ध्यानात येते. जबलपूर मोठे झाले ते गढ्याचे महत्त्व कमी झाले म्हणून, आणि तो निर्णय गढ्यातही झाला नाही व जबलपुरातही झाला नाही. दूरच्या सत्तेने सोयीचे ठिकाण पाहिले आणि तेथे कचेरी थाटली. या शहराच्या पुढील इतिहासात ही घटना पुनःपुन्हा घडलेली दिसते, कधी लाभाच्या रूपाने, तर कधी हानीच्या.

पहिली हानी १८६१ साली झाली. सागर-नर्मदा प्रांत आणि खालसा झालेले नागपूरचे राज्य एकत्र करून मध्य प्रांत निर्माण करण्यात आला. राजधानी नागपूरला गेली आणि जबलपूर विभागाचे ठाणे झाले. परंतु या हानीची भरपाई लवकरच आगगाडीने केली. १८६७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा अलाहाबादहून जबलपुरास पोचला. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथेच येऊन त्याला मिळाली. मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे लोखंडी रुळांनी प्रथम जोडली गेली ती जबलपूरच्या स्थानकात. एका कंपनीचा रूळ संपून दुसरीचा सुरू होणारे असे ठिकाण व्यापाराला फार मानवते. माल उतरतो, चढतो, साठतो. अडते येतात, सराफ येतात. राजा गोकुळदासांच्या घराण्याची पेढी आणि कापडाची गिरणी, मातीची कौले व नळ करणारे कारखाने, विड्यांचा धंदा ही सारी त्या काळची देणगी. १८८३ साली खंदारी जलाशयातून नळाचे पाणी शहरात आले. त्या कामालाही गोकुळदासांच्या धनाचा आधार मिळाला होता.

तेव्हाचे माप जंक्शनचे होते आणि त्या मापाने जबलपूर बरोबरीच्या शहरांत चांगले उतरत होते. १९०१ च्या खानेसुमारीत जबलपूरची लोकसंख्या सुमारे ९० हजार भरली. त्याच वर्षी होळकरांच्या इंदूरची वस्ती सुमारे ८६ हजार आणि बेगमांच्या भोपाळची सुमारे ७७ हजार होती. १ लाख २७ हजारांवर वस्ती असलेले नागपूर तेवढे पुढे होते. मात्र जंक्शनचा मान फार काळ एकट्या जबलपूरकडे राहिला नाही. १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरपासून पूर्वेकडे आसनसोलपर्यंतचा मार्ग जोडला आणि १९०० पर्यंत तो थेट हावड्याशी जाऊन भिडला. मुंबई-कलकत्ता प्रवासाला नागपूरवरून जवळची वाट मिळाली. जबलपूरचा मार्ग चालू राहिला, पण एकुलता एक मात्र राहिला नाही.

या वेळीही भरपाई बाहेरूनच आली. १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनविणारी गन कॅरेज फॅक्टरी जबलपुरात सुरू झाली. देशाच्या मध्यावर, सरहद्दींपासून आणि समुद्रापासून दूर असलेली ही जागा सरकारला सुरक्षित वाटली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्याचा परिणाम आकड्यांत उमटला. १९३१ मध्ये सव्वा लाखाच्या आत असलेली वस्ती १९४१ मध्ये १ लाख ७८ हजार झाली आणि १९५१ मध्ये २ लाख ५७ हजारांवर गेली. युद्धाचे कारखाने आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित, दोहोंचाही त्यात वाटा होता.

शहरांची तुलना कशी करावी, याचा वस्तुपाठ या भागाला फार पूर्वीच मिळाला होता, हे येथे सांगितले पाहिजे. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश पंडित त्या सुमारास हिंदुस्थानातील नगरांचा अभ्यास करीत हिंडत होता. १९१७ मध्ये त्याने जबलपूर नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला आणि १९१८ मध्ये इंदूर दरबारासाठी त्याचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. गेडीसची पद्धत वैद्याची होती. आधी नाडी पाहावी, मग औषध द्यावे, आणि शस्त्रक्रिया करायचीच झाली तर अगदी बेताने करावी. गल्ली, तलाव, झाड, देऊळ, बाजार यांची बारकाईने पाहणी केल्यावाचून त्याने नकाशावर रेघ ओढली नाही. इंदुरास प्लेगच्या दिवसांत त्याने दिवाळीची मिरवणूक काढविली, तीत घाणीचे आणि उंदरांचे सोंग आणले आणि जी आळी स्वच्छ असेल तिच्यावरून मिरवणूक नेण्याचे जाहीर केले. तेवढ्याने लोकांनी आपापल्या आळ्या झाडून लख्ख केल्या. शहर सुधारते ते हुकुमाने कमी आणि रहिवाशांच्या ईर्षेने अधिक, हे त्याला ठाऊक होते. दोन्ही शहरांना एकाच तज्ज्ञाचा सल्ला मिळाला. एका ठिकाणी तो ऐकायला महाराजा आणि गिरणीमालक होते, दुसऱ्या ठिकाणी एका दूरच्या प्रांतिक सरकारच्या अधीन असलेली नगरपालिका होती, हा फरकही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता १९५६ कडे वळू. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात नव्या मध्य प्रदेशाच्या राजधानीसाठी जबलपूरचे नाव सुचविले होते. शहराने आशा धरणे स्वाभाविक होते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य अस्तित्वात आले तेव्हा राजधानी भोपाळ ठरली. तिच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. जुना मध्य प्रदेश, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ या चार घटकांच्या दृष्टीने ते ठिकाण बरेच मध्यवर्ती होते, आणि कचेऱ्यांना लागणाऱ्या मोठ्या इमारती नबाबी काळापासून तेथे उभ्या होत्या. भोपाळ तेव्हा किती लहान होते हे यावरून कळेल, की १९७२ पर्यंत ते स्वतंत्र जिल्ह्याचेही ठाणे नव्हते. नकाशावर ते सिहोर जिल्ह्यात मोडत असे.

जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद हिदायतुल्ला हे नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश होऊन जबलपूरला आले. त्याच वर्षी विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालयही या शहराकडे आले. नागपूरच्या कचेऱ्यांतून जी मराठी कुटुंबे बदलीने नर्मदाकाठी आली, त्यांपैकी अनेकांनी येथेच घरे बांधली. भोसल्यांच्या काळापासून असलेल्या मराठी वस्तीत त्यांची भर पडली. आचार्य विनोबांनी या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटले, असे सांगितले जाते. राजधानी नाही तर संस्कारधानी, या शब्दात गौरव आहे आणि थोडे सांत्वनही आहे. जबलपूरकरांनी गौरव स्वीकारला. सांत्वनाने त्यांचे समाधान झाले नाही.

परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी गमावणारे जबलपूर हे एकटे शहर नव्हते. किंबहुना जबलपूरने राजधानीची आशा गमावली. प्रत्यक्ष राजधानी गमावली ती इतरांनी. पंच्याण्णव वर्षे प्रांताची राजधानी असलेले नागपूर त्या दिवशी मुंबई राज्यातले एक विभागीय शहर झाले. मध्य भारताची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर होती आणि उन्हाळी राजधानी इंदूर. त्या दोघींचेही पद त्याच दिवशी गेले आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठांवर त्यांची बोळवण झाली. तेव्हा खरी तुलना करायची ती या चार शहरांत. राजधानी गेल्यानेच शहर खालावते असे असेल, तर चारही शहरांची गत सारखी व्हावयास हवी होती.

जनगणनेचे आकडे काय सांगतात ते पाहू. शहरांच्या हद्दी वेळोवेळी बदलल्या आहेत, छावण्या आणि उपनगरे मागाहून जोडली गेली आहेत, म्हणून या आकड्यांकडे ढोबळ मानानेच पाहिले पाहिजे. १९५१ पासून २०११ पर्यंतच्या साठ वर्षांत उपनगरांसह ग्वाल्हेर सुमारे साडेचार पट वाढले, जबलपूर पाच पटींच्या किंचित आत राहिले, नागपूर साडेपाच पट झाले आणि इंदूर सात पट झाले. राजधानी मिळालेले भोपाळ अठरा पट झाले. याच अवधीत सबंध भारताची नागरी लोकसंख्या ६ कोटी २४ लाखांवरून ३७ कोटी ७० लाखांवर, म्हणजे सहा पट झाली. जबलपूर देशाच्या सरासरीच्या मागे पडले आणि इंदूर पुढे गेले. राजधानी दोघांकडेही नव्हती.

याहून बोलका आकडा निराळाच आहे. १९५१ मध्ये इंदूरची वस्ती ३ लाख १० हजार होती, म्हणजे जबलपूरपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी अधिक. हे अंतर १९५६ नंतर वाढावयास हवे होते. ते कमी झाले. १९६१ मध्ये इंदूर ३ लाख ९५ हजार तर जबलपूर ३ लाख ६७ हजार होते. १९७१ मध्ये इंदूर ५ लाख ६१ हजार आणि जबलपूर ५ लाख ३५ हजार, म्हणजे जवळजवळ बरोबरीला आले. भोपाळविषयी तर असे, की राजधानी होऊन पंचवीस वर्षे लोटल्यावरही, १९८१ च्या जनगणनेत, ते ६ लाख ७१ हजारांवर होते आणि जबलपूर साडेसात लाखांच्या पुढे. जबलपूर मागे पडले ते त्यानंतर. १९९१ मध्ये भोपाळ साडेदहा लाखांवर गेले, इंदूर अकरा लाखांवर गेले आणि जबलपूर ९ लाखांच्या आतच राहिले. २०११ पर्यंत इंदूर २१ लाख ७० हजारांवर, भोपाळ १८ लाख ८० हजारांवर आणि जबलपूर १२ लाख ६७ हजारांवर आले.

घाव १९५६ चा मानला, तर रक्त १९८१ नंतर का यावे? निदान तपासण्याची गरज आहे ती येथे.

उत्तर शोधण्यासाठी त्या मधल्या पंचवीस वर्षांत जबलपूरला कोणी पोसले, हे पाहिले पाहिजे. ते काम केंद्र सरकारने केले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर संरक्षणसामग्रीची गरज वाढली. गन कॅरेज आणि खमरिया येथील काम वाढले. १९६९ मध्ये लष्करी मोटारगाड्या बनविणारी व्हेइकल फॅक्टरी निघाली आणि तेथून बाहेर पडणारा ‘शक्तिमान’ ट्रक सैन्याच्या ताफ्यात सर्वत्र दिसू लागला. १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ झाले. न्यायालय होते, वीज मंडळ होते, रेल्वे होती, लष्कराची केंद्रे होती. ज्या काळी सरकारी कारखाना हेच प्रगतीचे माप होते, त्या काळी जबलपूर कोणाहून कमी नव्हते. हजारो घरांत महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, मुले शाळेत जात होती, म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळत होते. ही स्थिरता थोडीथोडकी नव्हे. तिच्यावरच शहराचे वाचनालय, नाटक, गणेशोत्सव आणि कविसंमेलन उभे राहिले.

१९८० नंतर माप बदलले. सरकारी भांडवलाचा ओघ आटत गेला आणि खाजगी भांडवल कोठे वळते, यावर शहराची वाढ ठरू लागली. इंदूरने यापूर्वीच निराळी सवय लावून घेतली होती. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १ कोटी रुपयांचे कर्ज देऊन खांडव्याहून इंदूरला लोहमार्ग आणविला होता. जबलपूरला रेल्वे आपण होऊन आली. इंदूरने ती पैसे मोजून बोलावली. तेथील सावकारांनी कापडाच्या गिरण्या काढल्या. पाण्याची टंचाई असह्य झाली तेव्हा १९७० मध्ये इंदूरच्या नागरिकांनी आंदोलन करून नर्मदेचे पाणी मागितले. सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, डोंगर चढवून ते पाणी १९७८ मध्ये शहरात आले. नर्मदेच्या काठीच वसलेल्या जबलपूरला असे काही मागावे लागले नाही. पुढे इंदूरजवळ पीथमपूरला औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. ते सरकारनेच आखले होते, हे खरे. पण आखलेल्या जागी कारखानदार आले ते इंदूरचा बाजार, सराफा, वाहतूक आणि माल खपविण्याची कला पाहून. कापडगिरण्या १९९० च्या सुमारास बंद पडू लागल्या, तेव्हा इंदूरला घाव बसलाच. पण एक धंदा बुडाला तर दुसरा धरणारे व्यापारी तेथे शिल्लक होते.

जबलपूरची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. इंदूर आग्रा-मुंबई हमरस्त्यावर, मुंबईपासून सुमारे ६०० किलोमीटरांवर आहे. जबलपूर रेल्वेने मुंबईपासून सुमारे १,००० किलोमीटर पडते, आणि त्याच्या भोवती मंडला, दिंडोरीसारखे वनाचे आणि गरिबीचे जिल्हे आहेत. माळव्याच्या काळ्या मातीतला कापूस जसा इंदूरच्या बाजारात पैसा होऊन येई, तसा महाकोशलच्या जंगलातला तेंदूपत्ता येत नसे. त्यातच १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. पूर्वेकडचा मोठा मुलूख तुटला आणि राज्याच्या मध्यभागी असल्याचा जो दावा जबलपूर करू शकत असे, तोही संपला. न्यायालयाचे क्षेत्र घटले, कारण बिलासपूरला नवे उच्च न्यायालय झाले. २००३ मध्ये पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्यालय जबलपूरला मिळाले, ही पुन्हा एक भरपाई. २०२१ मध्ये देशातील आयुध कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा जबलपूरचे तीन मोठे कारखाने तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. त्यांची मुख्यालये पुणे, कानपूर आणि चेन्नईजवळच्या आवडी येथे आहेत. एका शहरातील तीन भोंगे, आणि त्यांच्या वेळा ठरविणारी तीन दूरची गावे. १७८१ पासून चालत आलेली रीत येथेही मोडली नाही.

आता क्रमांकांविषयी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १११ शहरांचा राहणीच्या सुलभतेचा निर्देशांक प्रसिद्ध केला. पुणे पहिले आले. इंदूर आठवे, भोपाळ दहावे आणि जबलपूर पंधरावे होते. पंधरावा क्रमांक काही वाईट नव्हे. परंतु त्या मोजणीत शंभरपैकी पंचेचाळीस गुण रस्ते, पाणी, घरे अशा भौतिक सोयींना होते आणि अर्थव्यवस्थेला केवळ पाच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या मोजणीत कसोट्या बदलल्या. आर्थिक क्षमतेला पंधरा गुण आले आणि नागरिकांच्या मताला तीस. आधी अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर असलेले बंगळूर एकदम दहा लाखांवरील शहरांत पहिले आले. अडीच वर्षांत बंगळूर बदलले नव्हते. तराजू बदलला होता. अशा कोष्टकांचा उपयोग नाही असे नव्हे. पण जो तराजू हातात घेतो, त्याने त्यातील वजने आधी पाहावीत, हा व्यवहार बाजारातल्या भाजीवालीलाही ठाऊक असतो.

शिवाय काही गोष्टी या तराजूत बसत नाहीत. १९२३ चा झेंडा सत्याग्रह प्रथम पेटला तो जबलपुरात. नाव गाजले ते नागपूरचे. मार्च १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात झाले, आणि ते त्रिपुरीच्या, म्हणजे त्याच हरवलेल्या राजधानीच्या नावाने ओळखले गेले. सुभद्राकुमारी चौहान यांची कविता आणि हरिशंकर परसाई यांचा उपरोध या शहरात वाढला. तिकडे अठरा पट वाढलेल्या भोपाळने १९८४ च्या डिसेंबरात वायुगळतीची जी रात्र पाहिली, तिची किंमत कोणत्या रकान्यात लिहावी? वाढ म्हणजे केवळ लाभ नव्हे, हे भोपाळएवढे कोणाला कळणार?

तथापि संस्कृतीचा अभिमान हे रोजगाराला उत्तर होऊ शकत नाही. शिकलेला तरुण पुण्याला किंवा बंगळूरला निघून जातो, तेव्हा त्याच्या आईवडिलांना संस्कारधानी या शब्दाने धीर येत नाही. म्हणून १९५६ ची खंत नीट तपासली पाहिजे. राजधानी मिळाली असती तर जबलपूर मोठे झाले असते, यात शंका नाही. भोपाळ त्याला साक्ष आहे. पण राजधानी न मिळाल्यामुळे ते मागे पडले, हे म्हणणे आकड्यांना मान्य नाही. ते मागे पडले, कारण दिलेल्या गोष्टींवर जगण्याची सवय त्याला लागली होती आणि देणाऱ्याचा हात पुढे आखडला. रेल्वे, कारखाने, न्यायालय, मुख्यालये, साऱ्या गोष्टी आल्या, शहराने त्या सचोटीने चालविल्या आणि त्यांच्याभोवती आपले असे फारसे काही उभारले नाही. दर वेळी एक मान गेला की दुसऱ्या मानाची मागणी झाली.

याला अपवाद जबलपुरातच आहेत, आणि आशेला जागा आहे ती त्यांच्यात. गोहलपूरकडच्या गल्ल्यांतून शिंप्यांनी आपल्या हिमतीवर सलवार-कमीजच्या शिवणकामाचा धंदा वाढविला आणि तो माल परप्रांतांत जाऊ लागला. त्यासाठी कोणत्याही आयोगाची शिफारस लागली नाही. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी हिरव्या वाटाण्याचे असे पीक घेतले की हिवाळ्यात त्याच्या गाड्या दूरदूरच्या बाजारांत जातात. आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांवरील शहरांमध्ये जबलपूरने पाचवा क्रमांक मिळविला. सतत पहिले येणाऱ्या इंदूरला त्या वेळी स्पर्धेतून वर काढून वेगळ्या श्रेणीत बसविले होते, आणि भोपाळ दुसरे आले होते, हे खरे. तराजूची वजने पुढे पुन्हा बदलतील, हेही खरे. पण हा क्रमांक उच्च न्यायालयासारखा वाटणीत आलेला नाही आणि कारखान्यासारखा दिल्लीहून आलेला नाही. पहाटे रस्त्यावर उतरलेल्या सफाई कामगारांनी आणि ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या घरांनी तो मिळविला आहे. शंभर वर्षांपूर्वी गेडीसने इंदूरच्या आळ्यांत जी ईर्षा जागविली, तीच ही.

तेवरच्या दगडांकडे पाहताना राजधान्यांचा मोह आपोआप ओसरतो. त्रिपुरी गेली, गढा गेला, नागपूरचे पद गेले. भोपाळचेही पद कोणी अक्षय म्हणून लिहून दिलेले नाही. शहराची तुलना शेजाऱ्याशी जरूर करावी, कारण तुलनेवाचून उणीव कळत नाही. मात्र त्या कोष्टकात एक रकाना जबलपूरने स्वतः घालावा: यंदा आपण काय मागितले आणि काय उभे केले. तो दर वर्षी प्रामाणिकपणे भरला, तर १९५६ ची आठवण बोचेनाशी होण्याला राजधानीची वाट पाहावी लागणार नाही.